कल्हई शिकताना: कथील, नवसागर आणि आगीचा अंदाज

पितळेच्या पातेल्यात ताक किंवा चिंच घातलेली आमटी रात्रभर राहिली की कळकते. चव तुरट होते, कडेला हिरवट जंगाल दिसतं आणि ते पोटात गेलं तर मळमळ, उलट्या सुरू होतात. आंबट पदार्थातलं आम्ल पितळातल्या तांब्याला विरघळवतं, त्याचा हा परिणाम. भांड्याच्या आतून कथलाचा (टिनचा) पातळ थर चढवला की अन्नाचा तांब्याशी संबंध उरत नाही. हा थर म्हणजेच कल्हई. नीट कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यातलं अन्न खाण्यास अयोग्य धरावं, असं आपल्याकडच्या अन्नसुरक्षेच्या नियमांतही आहे.

कोल्हापुरात या कामाला अजून गिऱ्हाईक आहे. यात्रा, म्हाई, लग्नं यांसाठी मोठाली तांब्याची भांडी बाहेर निघतात. तांबड्या रश्शात टोमॅटो असतो, मिसळीच्या कटातही आंबटपणा असतोच. शिवाय माळ्यावरची आजीची पितळी पातेली खाली काढून वापरणारी घरंही वाढली आहेत. दारावर हाळी देणारे कल्हईवाले मामा मात्र कमी झाले. ज्यांना हे काम हाताने शिकायचं आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. सगळा हिशोब पाच लिटरच्या एका तांब्याच्या पातेल्यावर मांडला आहे, कारण नवख्याने सुरुवात त्यावरच करावी.

कल्हई बिघडते ती बहुतेक वेळा कथील हातात घेण्याआधीच. कथील फक्त स्वच्छ धातूला धरतं. तेलाचा, काजळीचा, हिरव्या डागाचा जरासा अंश राहिला तरी तिथे ते गोळा होऊन सरकतं. म्हणून खाली घासण्या-धुण्याला इतकी जागा दिली आहे.

कोणतं भांडं घ्यायचं, कोणतं नाही

तांबं सगळ्यात सोपं. पितळ जमतं, पण त्यात जस्त असल्याने आग वाढली की लवकर बिघडतं. पातळ पितळी भांडं लाल होईपर्यंत तापवलं तर बूड खाली बसतं आणि पुन्हा सरळ करायला तांबटाकडे न्यावं लागतं. काशाच्या भांड्याला कल्हई करत नाहीत. ॲल्युमिनिअमला या पद्धतीने कथील धरतच नाही, त्याच्यावरचा ऑक्साइडचा थर नवसागराला, म्हणजे धातूवरचा ऑक्साइड काढणाऱ्या अमोनियम क्लोराइडच्या क्षाराला, दाद देत नाही. स्टेनलेस स्टीलचंही तेच. लोखंडाला कल्हई होते, पण त्याची तयारी वेगळी आणि कष्टाची. पहिल्या काही महिन्यांत त्या वाटेला जाऊ नये.

भांड्याचे जोड तपासा. पितळी झाळ दिलेला जोड पिवळसर दिसतो, तो कल्हईच्या उष्णतेत हलत नाही. जोड करडा असेल आणि चाकूच्या टोकाने सहज ओरखडा उठत असेल तर तो शिसं-कथलाचा मऊ डाग, म्हणजे सोल्डरचा जोड आहे. असं सोल्डर १८३ अंशांच्या आसपास वितळायला लागतं आणि कल्हईला लागतात किमान २३२ अंश. म्हणजे कल्हई करता करता कान किंवा तळ सुटून हातात येणार. असं भांडं आधी तांबटाकडून नीट झाळून आणा.

अरुंद तोंडाची कळशी किंवा तांब्या सुरुवातीला घेऊ नका. आत हात जात नाही, कथील पसरायचा कापसाचा बोळा सांडशीत धरून अंदाजाने फिरवावा लागतो आणि राहिलेली जागा दिसतही नाही. पाणी पिण्याच्या तांब्याला कल्हई लागत नाहीच. फक्त त्यात लिंबू-सरबत किंवा ताक ठेवायचं नाही.

कथील पारखून घ्या

कथील तांब्यापेक्षा बरंच महाग आहे. त्यामुळे त्यात शिसं मिसळण्याचा मोह बाजारात कायम असतो. शिसं स्वस्त, मिसळलं की कथील लवकर वितळतं आणि फिरायलाही सोपं जातं. पण ते अन्नात उतरतं आणि शरीरात साठत राहतं. लहान मुलांच्या मेंदूला त्याचा धोका सगळ्यात जास्त. त्यामुळे सोल्डरची तार, जुन्या रेडिएटरचा डाग, भंगारातली 'पांढरी धातू' यांपैकी काहीही अन्नाच्या भांड्याला लावायचं नाही. ९९.९ टक्के शुद्धतेचं कथील पक्क्या बिलावर, शक्य असेल तर तपासणीच्या दाखल्यासह घ्या.

दुकानात उभ्या उभ्या करता येतील अशा तीन परीक्षा आहेत. पातळ कांडी कानाजवळ धरून वाकवा. शुद्ध कथील कुरकुरतं, शिसं जास्त असेल तर आवाज येत नाही. कांडी पांढऱ्या कागदावर जोरात ओढा. शिशाची रेघ करडी उमटते. या दोन्ही परीक्षा ढोबळ आहेत, थोडी भेसळ त्यांत निसटते. तिसरी अधिक भरवशाची. १०० ग्रॅम कथील तोलून मापाच्या काचेच्या नळीत पाण्यात बुडवा. शुद्ध कथलाने पाणी सुमारे १३.७ मिलीलिटर वर चढतं. ६० टक्के कथील आणि ४० टक्के शिशाचं सोल्डर असेल तर पाणी १२ मिलीलिटरही चढत नाही, कारण शिसं जड. मोजताना धातूला चिकटलेले हवेचे बुडबुडे झटकून टाका, नाहीतर आकडा फसवतो.

किती लागेल? दहा मायक्रॉन जाडीच्या थराला दर १०० चौरस सेंटिमीटरमागे ०.७३ ग्रॅम कथील बसतं. पाच लिटरचं पातेलं, व्यास २४ आणि उंची १२ सेंटिमीटर धरली तर आतला पृष्ठभाग साधारण १,३६० चौरस सेंटिमीटर येतो. हाताने पुसून केलेला थर सगळीकडे सारखा नसतो. सरासरी वीस मायक्रॉन धरा, म्हणजे वीस ग्रॅम. सांडलवंड धरून तीस ग्रॅम जवळ ठेवा. व्यास ५० आणि उंची ३० सेंटिमीटरची, म्हणजे सुमारे साठ लिटरची देग असेल तर याच हिशोबाने शंभर ग्रॅमच्या जवळपास कथील भांड्यावर बसतं. गिऱ्हाइकाला भाव सांगण्याआधी हा गुणाकार करायची सवय लावा. अंदाजाने बोललेल्या भावात नेहमी आपलंच नुकसान होतं.

बाकीचं सामान

नवसागर पांढऱ्या खड्यांचा किंवा वडीचा मिळतो. कुटून बारीक पूड करा. पाच लिटरच्या पातेल्याला १५ ते २० ग्रॅम पुरतो. कोल्हापूरच्या पावसाळ्यात तो ओल धरून दगडासारखा होतो, म्हणून घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा आणि ओला झालाच तर वापरण्याआधी पत्र्यावर मंद उबेवर वाळवा. ओला नवसागर तापल्या भांड्यात टाकला तर तडतडून डोळ्यात उडतो.

कापूस शुद्ध हवा. जुन्या गादीतला पिंजलेला कापूस उत्तम. पॉलिस्टर मिसळलेलं कापड वितळून भांड्याला चिकटतं आणि तो काळा डाग पुन्हा घासल्याशिवाय जात नाही. लांब दांड्याची सांडशी, पक्कड, चामड्याचे हातमोजे, डोळ्यांना गॉगल आणि पायात बूट. चपलेवर हे काम करू नका, वितळलेल्या कथलाचा थेंब पायाच्या बोटांमध्येच पडतो.

कोळसा लाकडी घ्या, एका पातेल्याला दीड-दोन किलो. दगडी कोळशात गंधक असतं, त्याचा धूर तांब्याला काळं करतो. उद्यमनगरात, म्हणजे कोल्हापूरच्या कारखान्यांच्या भागात, ओतकामाचा कोक सहज मिळतो म्हणून तो वापरावासा वाटतो, पण त्याची आच नवख्याच्या हाताला आवरत नाही. गॅसचा मोठा बर्नर चालतो, ज्योत कमी-जास्त करता येत असल्याने शिकायला उलट सोयीचा. त्याला व्यावसायिक सिलिंडर लावा आणि काम उघड्यावर करा. स्वयंपाकघरात कल्हई करायची नाही. नवसागर तापला की त्यातून अमोनिया आणि हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ निघते.

घासणं आणि धुणं

जुनी कल्हई असेल तर आधी ती काढा. भांडं तापवून जुनं कथील वितळू द्या आणि कापसाने पुसून घ्या. या पुसलेल्या कथलात काय आहे हे आपल्याला माहीत नसतं, म्हणून ते नव्या कथलात मिसळायचं नाही, वेगळ्या डब्यात टाकायचं. या तापवण्यात जुनं तेल आणि काजळीही जळून जाते.

भांडं थंड झालं की तेलकटपणा काढायचा. घरगुती कामाला धुण्याचा सोडा पुरतो. एक लिटर पाण्याला १०० ग्रॅम सोडा घालून अर्धा तास उकळा. रोजचं काम असेल तर कॉस्टिक सोडा वापरतात, एक लिटर गरम पाण्याला ५० ग्रॅम, पंधरा-वीस मिनिटं. कॉस्टिक नेहमी पाण्यात थोडं थोडं सोडायचं, कॉस्टिकवर पाणी ओतायचं नाही. बादली प्लॅस्टिकची किंवा लोखंडी हवी. ॲल्युमिनिअमच्या बादलीत फेस उसळतो आणि ज्वालाग्राही हायड्रोजन निघतो. कॉस्टिकचं पाणी आणि नवसागर कधीही एकत्र येऊ देऊ नका, एकदम अमोनिया सुटतो आणि श्वास कोंडतो. ब्लीचिंग पावडरही नवसागरापासून लांब ठेवा, त्या दोघांच्या मिश्रणातून विषारी वायू निघतो.

आता ऑक्साइड आणि जंगाल. तांबट पातळ गंधकाम्ल वापरतात. नवख्याने सायट्रिक ॲसिडवर भागवावं. एक लिटर कोमट पाण्यात ५० ग्रॅम आणि मूठभर मीठ, दहा-पंधरा मिनिटं. चिंच-मीठ चोळूनही होतं, वेळ जास्त लागतो इतकंच. स्वच्छ तांबं गुलाबी-केशरी दिसतं. पितळ आम्लात जास्त वेळ राहिलं तर त्यावर लालसर चट्टे येतात. पितळातलं जस्त निघून गेलं आणि तांबं वर राहिलं, याची ती खूण. ते चट्टे वाळूने घासून काढावे लागतात. पितळाला म्हणून पाच मिनिटंच द्या, मग बघा.

नंतर बारीक वाळू आणि विटेची पूड घेऊन काथ्याने आतून गोल घासा. बूड आणि भिंत जिथे मिळतात त्या खाचेत आणि काठाच्या वळणाखाली सगळ्यात जास्त घासावं लागतं, कारण मळ तिथेच लपतो. खड्ड्यांमध्ये काळे ठिपके राहिले तर तारेच्या ब्रशने उकरा. तीन पाण्यांनी धुवा.

आता पाण्याची परीक्षा. भांडं भरून ओता आणि तिरपं धरून बघा. पाण्याचा सलग पातळ पडदा राहिला तर भांडं तयार. पाणी थेंब थेंब होऊन मागे सरलं तर तेल अजून आहे, पुन्हा सोड्यापासून सुरुवात. ही परीक्षा टाळण्याचा मोह सगळ्यांना होतो, आणि नंतरची निम्मी दुरुस्ती त्यातूनच निघते.

परीक्षा झाली की आत बोट लावायचं नाही. बोटाच्या तेलाचा ठसा कल्हईत उमटतो. अर्ध्या तासाच्या आत आगीवर घ्या, नाहीतर तांबं पुन्हा मंद पडतं. बाहेरून खडूच्या भुकटीचा पाण्यातला लेप दिला तर बाहेरची बाजू काळी होत नाही आणि ओघळलेलं कथील तिथे चिकटत नाही. हा लेप आत जाऊ देऊ नका.

भट्टी

जमिनीत ३० सेंटिमीटर रुंद आणि १५ ते २० सेंटिमीटर खोल खड्डा, तळाशी लोखंडी नळी, नळीला हातपंखा किंवा भाता. नळीचं तोंड कोळशात थोडं वर उचललेलं ठेवा, म्हणजे राखेने बुजत नाही. वाऱ्याकडे पाठ करून बसा. कोळसा पूर्ण लाल होऊन धूर थांबल्यावरच भांडं वर धरा, कारण अर्धवट पेटलेल्या कोळशाचा डांबरट धूर स्वच्छ भांड्याला लागतो.

पहिल्या दिवशी मदतीला एक माणूस घ्या. एकाने पंखा आणि भांडं सांभाळायचं, दुसऱ्याने पुसायचं. मोठ्या देगेला तर दोन माणसांशिवाय काम होतच नाही.

कथील चढवणं

कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळतं. काम करायची जागा साधारण २४० ते २८० अंशांची. पिस्तुलासारखं उष्णतामापक यंत्र घ्यायची घाई करू नका. चकचकीत धातूवर ते खऱ्यापेक्षा फार कमी आकडा दाखवतं आणि आपण भांडं जाळून बसतो. त्यापेक्षा खुणा ओळखा. चिमूटभर नवसागर टाकल्याबरोबर पांढरा धूर उठला आणि कथलाची कांडी टेकवताच ओली झाली की उष्णता बरोबर. कांडी टेकवूनही कोरडी राहिली तर अजून थंड. कापूस लावल्या लावल्या पेट घेत असेल तर जास्त झालं, भांडं लगेच आगीवरून उचला.

आधी बूड. भांडं आगीवर सतत फिरवत ठेवा म्हणजे एका जागी आच लागत नाही. नवसागराची चिमूट टाका आणि कापसाच्या बोळ्याने ती तळावर फिरवा. धातूचा रंग क्षणात उजळतो. नवसागरातून सुटलेलं आम्ल तापल्यावर तयार झालेला ऑक्साइड खाऊन टाकतं, त्यामुळे हे होतं. त्या उजळलेल्या जागेवर लगेच कांडी टेकवा, वाटाण्याएवढं कथील वितळू द्या आणि बोळ्याने तव्यावर तूप पसरावं तसं पसरा. बोळा एकाच दिशेने गोल फिरवा, मागे-पुढे घासू नका. कथील चांगलं धरलं तर कडा पातळ होत होत पुढे सरकते. कडा जाड आणि गोलसर राहिली तर खाली मळ आहे किंवा उष्णता कमी आहे.

बूड झालं की भांडं आडवं धरून भिंत तापवा. तळाला उरलेलं कथील उताराने भिंतीकडे येतं, ते तसंच वर ओढत न्या. हाताच्या पंजाएवढा भाग घ्यायचा, नवसागर, कथील, पुसणं, मग भांडं थोडं फिरवून पुढचा भाग. प्रत्येक नव्या भागाची कडा आधीच्या भागावर दोन बोटं चढली पाहिजे, नाहीतर मध्ये उघडी पट्टी राहते. नवसागराची पूड जास्त टाकून फायदा नाही, धूर वाढतो आणि खाली करडा गाळ साचतो. गाळ दिसला की बोळा बदला. एका पातेल्याला चार-पाच बोळे लागतात, त्यात काटकसर करू नये.

शेवटी सगळ्या भांड्याला एकदा हलकी उष्णता द्या. कथील ओलं दिसायला लागलं की स्वच्छ बोळ्याने तळापासून काठापर्यंत एक सलग हात फिरवा. जास्तीचं कथील काठावरून पत्र्याच्या थाळीत झटका. ते परत वापरता येतं. या फेरीत रेंगाळायचं नाही. कथील आणि तांबं यांच्या सीमेवर दोघांचा मिळून एक पातळ थर तयार होतो आणि त्याच्यामुळेच कल्हई रंगासारखी सोलून निघत नाही. पण उष्णता लांबली की तो थर वाढत वर येतो. मग चकाकी जाऊन करडा खरखरीतपणा येतो, आणि तो पुसून जात नाही.

भांडं आगीवरून काढून कथील गोठेपर्यंत थांबा. ओली चकाकी किंचित मंदावते तो क्षण. मग पाण्यात बुडवा. वाफ जोरात येते, म्हणून तोंड बाजूला आणि भांडं सांडशीने तिरपं धरून. कथील वितळलेलं असताना पाणी लागलं तर ते उडतं आणि थर फाटतो.

धुवा, मग तपासा

नवसागराचा अंश राहिला तर एक-दोन दिवसांत हिरवे ठिपके येतात आणि कल्हईच खोटी होती असा आरोप येतो. दहा ग्रॅम धुण्याचा सोडा एक लिटर पाण्यात घालून धुवा, मग साबणाने, मग भांड्यात पाणी उकळून ओतून टाका.

डोळ्याला न दिसणारी उघडी जागा शोधायला चिंचेचं पाणी दोन-तीन तास भरून ठेवा. जिथे तांबं उघडं असेल तिथे ते उजळून लालसर दिसतं. ते पाणी प्यायचं नाही, ओतून द्या. उघडा भाग सापडला तर तेवढाच घासून, नवसागर लावून पुन्हा कथील ओढता येतं, सगळं भांडं काढायची गरज नाही.

बिघाड वाचायला शिका

कथलाचे गोळे झाले आणि पसरत नाहीत. कारण बहुधा मळ, क्वचित थंड भांडं. एक चिमूट नवसागर टाकून बघा, तरीही सुधारलं नाही तर भांडं उतरवा आणि पुन्हा घासा. आग वाढवून जबरदस्ती करू नका.

पृष्ठभाग पिवळट, मग निळसर-जांभळा झाला. आच जास्त झाली, कथलावर ऑक्साइड धरला. लगेच लक्षात आलं तर उष्णता कमी करून नवसागर आणि थोडं नवं कथील फिरवलं की निघतं.

ओघळ आणि जाड डाग दिसतात, म्हणजे कथील जास्त आणि पुसायला उशीर. त्याने भांडं वाया जात नाही, फक्त दिसायला वाईट. पुन्हा तापवून पुसा. गिऱ्हाईक जाड ओघळाला 'भरपूर कल्हई' समजतं, पण तो ओघळ काही टिकाऊपणा वाढवत नाही.

बारीक काळे ठिपके कापसाच्या राखेचे असतील तर घासून जातात. खड्ड्यातल्या जुन्या तेलाचे असतील तर जात नाहीत, तिथे कल्हई बसलेलीच नसते. कल्हई म्हणून दिलेला थर पापुद्र्यासारखा निघत असेल तर ती कथलाची कल्हईच नव्हे, काहीतरी वेगळा मुलामा आहे.

आम्लाचं वापरलेलं पाणी गटारात ओतू नका, ते शेवटी पंचगंगेत जातं आणि त्यात तांबं उतरलेलं असतं. फेस थांबेपर्यंत धुण्याचा सोडा घाला, रात्रभर निवू द्या. खाली बसलेला हिरवा-निळा गाळ वाळवून वेगळा ठेवा, शेतात किंवा कुंडीत टाकू नका.

भांडं वापरताना

गिऱ्हाइकाला भांडं परत देताना हे सांगणं कामाचाच भाग आहे. रिकामं भांडं आगीवर ठेवायचं नाही. रस्सा उकळत असतो तेव्हा तळ पाण्यामुळे शंभर अंशांच्या आसपास राहतो, कल्हईला काही होत नाही. पण कोरड्या बुडात कांदा-खोबरं भाजलं किंवा तेल धूर येईपर्यंत तापवलं तर २३२ ओलांडायला वेळ लागत नाही आणि कल्हई तळाला गोळा होते. मसाला लोखंडी कढईत भाजून घ्या, मग देगेत टाका. मोठ्या स्वयंपाकात आचाऱ्याला हे दोनदा सांगावं लागतं.

डाव लाकडी वापरा. आतून तारेची घासणी, राख, चिंच किंवा पितांबरी लावायची नाही. ती बाहेरच्या बाजूसाठी. आत साबण आणि मऊ काथ्या पुरे. काही दिवसांनी कल्हई चकाकी सोडून करडी होते, ती खराबी नाही. दहा रुपयांच्या नाण्याएवढं तांबं उघडं दिसलं, किंवा लहान लहान उघडे ठिपके मिळून तेवढे भरले, की पुन्हा कल्हई. तोवर त्यात आंबट शिजवणं थांबवा. भाड्याच्या भांड्यांचं वेळापत्रक सरळ आहे, लग्न-यात्रांचा हंगाम सुरू होण्याआधी एकदा आणि संपल्यावर तपासणी.

गुऱ्हाळातली काहील लोखंडी असते, तिला कल्हईचा काही उपयोग नाही. पाण्याच्या बंबालाही आतून लागत नाही.

भांड्यांपलीकडे

हाताला ही कला बसली की उद्यमनगरात तिला वेगळी गिऱ्हाइकं आहेत. तिथे नियम थोडे बदलतात.

तांब्याच्या केबल लगला (केबलच्या टोकाला बसवायच्या जोडतुकड्याला) कथील चढवायचं असेल तर नवसागर वापरायचा नाही. त्याचा क्षार जोडात राहिला तर पुढे तांबं खातो. राळेचा फ्लक्स (नवसागरासारखं ऑक्साइड काढणारं द्रव्य) लावा, २५० ते २७० अंशांच्या कथलात तीन ते पाच सेकंद बुडवा, झटका. बारीक तारांच्या वायरचं टोक मात्र सोल्डरने घट्ट करून स्क्रूखाली दाबायचं नाही. मऊ सोल्डर दाबाखाली हळूहळू पसरतं, स्क्रू ढिला पडतो आणि जोड तापायला लागतो. तिथे क्रिंप केलेली, म्हणजे दाबून बसवलेली, टोपीच बरी.

बाजारातला गोडेतेलाचा पंधरा किलोचा डबाही कथलाचाच, पण लोखंडी पत्र्यावर. त्यावरचा थर एक मायक्रॉनच्या आसपास किंवा त्याहून पातळ. ओरखडा गेला की तिथे लोखंड जोरात गंजतं, कारण कथील जस्तासारखं स्वतः झिजून लोखंडाला वाचवत नाही. म्हणून पोचलेला, गंजलेला डबा धान्यालाही वापरू नये.

व्हाइट मेटलच्या (मऊ पांढऱ्या मिश्रधातूच्या) बेअरिंगमध्ये ओतकामाआधी शेलला, म्हणजे बाहेरच्या कवचाला, कथील चढवतात. पोलादी किंवा कांस्य शेल तेलमुक्त करून, झिंक क्लोराइडचा फ्लक्स लावून कथलात बुडवायचा आणि कथील ओलं असतानाच व्हाइट मेटल ओतायचं. कथील गोठल्यावर ओतलं तर वरून जोड सुंदर दिसतो, आतून सुटा असतो. थंड झाल्यावर बेअरिंग दोरीला टांगून हलकेच ठोका. घणघणीत नाद आला तर धरलं, बद्द आवाज आला तर व्हाइट मेटल उतरवून पुन्हा पहिल्यापासून.